प्रयोगशाळेतल्या मामांचे जाहीर आभार

मामा, सप्रेम नमस्कार.

कांद्याच्या मुळात पोरांना अ‍ॅनाफेज, म्हणजे पेशीविभाजनात गुणसूत्रं पेशीच्या दोन टोकांकडे (ध्रुवांकडे) निघतात तो टप्पा, स्वच्छ दिसला आणि शाबासकी आम्हा शिक्षकांना मिळाली. ती तुमची आहे, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

कपिलतीर्थ मार्केटातून तुम्ही जुने कांदे बघून आणलेत. नव्या काढणीचा कांदा सुप्तावस्थेत असतो, लवकर मुळं धरत नाही. बुडाची वाळकी मुळं ब्लेडनं खरवडताना नवी मुळं फुटतात त्या तबकडीला इजा होऊ दिली नाहीत, पाणी रोज बदललंत. जर्नलात यातलं काही येत नाही.

पण खरे आभार त्या दोन बाटल्यांचे. सकाळी कापलेली निम्मी मुळं हातमोजे घालून ०.०५ टक्के कोल्चिसीन या विषारी रसायनात तीन तास ठेवलीत. निम्मी थेट पेशी आहेत तशा टिकवणाऱ्या फिक्सेटिव्हमध्ये, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, तेही ताजं मिसळून. कोल्चिसीन गुणसूत्रांना ओढणारे तर्कुतंतू जुळूच देत नाही. गुणसूत्रं आखडतात, विखुरतात. कांद्याची १६ मोजायला हीच बाटली हवी. तिच्यात अ‍ॅनाफेज शोधत बसलं तर तास संपतो. कायनेटोकोअरला, म्हणजे गुणसूत्रावर तंतू जोडतो त्या जागेला, तंतू लागलेला नसला की पेशी अडून राहते, सेपरेज विकर कामाला लागत नाही आणि दोन क्रोमॅटिड (गुणसूत्राच्या जुळ्या प्रती) बांधून ठेवणारं कोहेसिन प्रथिन तुटत नाही. दुसऱ्या बाटलीतल्या पेशींना ही अडचण नसते. तिथं कोहेसिन तुटतं, तंतू आखूड होतात, सेंट्रोमिअर (भुजा जिथे जुळतात तो गुणसूत्राचा सांधा) पुढे आणि भुजा मागे असे इंग्रजी ‘व्ही’ ध्रुवांकडे निघालेले दिसतात. गुणसूत्रं हलतात हे दाखवायचं तर बिनकोल्चिसीनचीच मुळं लागतात. अनेक ठिकाणी एकच बाटली भरतात आणि मग दोष मायक्रोस्कोपला देतात!

पुढचंही तुम्हीच सांभाळलंत. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, ६० अंश, आठ मिनिटं. कमी पडलं तर पेशींचा गठ्ठा सुटत नाही, जास्त झालं तर लगदा. टोकाचे दोनच मिलिमीटर घ्यायचे, कारण वरच्या पेशी विभागत नाहीत, नुसत्या लांबतात. अ‍ॅसिटोकार्मिन या रंगात जुनी लोखंडी सुई फिरवायची, लोहाच्या अंशानं रंग गडद चढतो. आणि ब्लॉटिंग पेपरवरून अंगठा सरळ खाली दाबायचा. कव्हरस्लिप जरा आडवी सरकली की पेशी गुंडाळल्या जातात.

उरलेली टोकं ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजात आहेत. पुढच्या बॅचचं प्रॅक्टिकल त्यांच्यावरच घेऊ, तुम्हाला परत मार्केटला पळवत नाही.

आपले,
वनस्पतिशास्त्राचे शिक्षक, कोल्हापूर