"खाली कोण असतंय?" असं विचारणाऱ्या मामांना

तीर्थस्वरूप मामा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मोबाइलवर वाचायचं म्हटलं की डोळे दुखतात, असं तुम्हीच म्हणाला होता. म्हणून तुमच्या नातीला विनंती. बाळा, हे आजोबांना मोठ्यानं वाचून दाखव. ते मधेच "बास कर" म्हणतील. थांबू नकोस.

मामा, मंगळवारी पाना हातातून सुटला. परांचीवर पाचव्या मजल्याला नट आवळत होतो आणि हात घामानं निसटला. पाना गेला आणि माझ्या गुडघ्यापाशी लोंबकळत राहिला, तुम्ही शिवलेल्या पट्टीला. मी तो वर ओढला, नट आवळला आणि मग मला काम सुचेना. पाइपला पाठ टेकून फळीवरच बसलो. जोडीदार म्हणाला, "काय झालं रं?" काहीच झालं नव्हतं. त्यामुळंच हात थरथरत होते.

त्या दिवशी तुमच्या चपला शिवायच्या गाळ्यात मी "खिशातनं पाना पडतोय" एवढंच बोललो होतो. पुढचं सांगायला तोंड उघडलं नव्हतं. आज सगळं सांगतो.

दिवाळीनंतरची गोष्ट. कोल्हापुरात कळंब्याकडं एका इमारतीच्या बाहेरच्या गिलाव्यासाठी आम्ही पाइपची परांची बांधत होतो. आमच्या कामात पाना दिवसभर हातात आणि खिशात, हातात आणि खिशात. जोड आला की काढायचा, आवळायचं, ठेवायचा, वर चढायचं. चढताना दोन्ही हात पाइपवर पाहिजेत, म्हणून पाना मागच्या खिशात. सगळेच तसं करतात, मीही बारा वर्षं तेच केलं. पण वरच्या आडव्या पाइपवर पाय टाकायला गुडघा उचलला की पँट ताणते, खिसा तिरका होतो आणि पाना दर पायरीला थोडा थोडा वर सरकतो. ते कळत नाही. खिसा हलका झाला की कळतं.

चौथ्या मजल्यावरून गेला. साधारण १२ मीटर. माझा भाचा बारावी सायन्सला आहे, त्यानं नंतर कागदावर मांडून दाखवलं. खाली पोचायला दीड सेकंद, आणि पोचताना वेग ताशी ५५ किलोमीटर. दीड सेकंदात "सरका" एवढं म्हणूनसुद्धा होत नाही. मधल्या एका पाइपवर तो टणकन आपटला आणि भलतीकडंच उडाला. वाळू चाळणाऱ्या वहिनी परांचीपासून चांगल्या लांब बसल्या होत्या. त्यांच्या शेजारच्या घमेल्यात पडला. हातभर अंतर. घमेल्याला हा एवढा पोचा आला.

आणि त्यांच्या मागं झोळी होती. झोळीत लेकरू झोपलं होतं.

वहिनींनी वर बघितलं. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. उठल्या, झोळीची गाठ सोडली, लेकराला खांद्यावर टाकलं आणि पार पलीकडं कंपाउंडजवळच्या लिंबाला झोळी नेऊन बांधली. परत येऊन चाळण हातात घेतली. ती गाठ लवकर सुटत नव्हती, मामा. त्यांची बोटं घाई करत होती आणि गाठ सुटत नव्हती. ते मला अजून दिसतं.

ठेकेदार आला. त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "पाना मोडला का बघ." मग मला म्हणाला, "हातात धड धरता येत नाही काय? सुतळीनं बांध." वहिनींकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी घमेल्याचे पैसे माझ्या हजेरीतून कापले. ते पैसे कापले त्याचा राग नाही, माझीच चूक होती. पण घमेल्याचा हिशोब झाला आणि झोळीचा झाला नाही, याचा राग आहे आणि तो जात नाही.

त्याच्याआधी एका मोठ्या साइटवर होतो, तिथं सेफ्टीचा माणूस होता. महिन्यातून एकदा आम्हाला रांगेत उभं करायचा, हेल्मेट घालायला लावायचा, फोटो काढायचा, वहीत सही घ्यायचा. हत्यार अंगावर कसं बाळगायचं हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. बांधकाम कामगारांसाठीचा कायदा १९९६ साली झाला. तेव्हा मी चार वर्षांचा होतो. एवढ्या वर्षांत एकानंही माझ्या मागच्या खिशाकडं बघितलं नव्हतं.

सुतळी बांधून बघितली. दुसऱ्याच दिवशी ती पाइप जोडणाऱ्या कपलिंगच्या बोल्टमध्ये अडकली आणि चढता चढता मलाच मागं ओढलं. सोडून टाकली. मग बाजारातून हत्यारांचा पट्टा आणला, रेक्झिनचा. सगळे कप्पे पोटावर, वाकलं की टोचायचे, आणि एक कप्पा बरोबर पाठीच्या कण्यावर. पंधरा दिवसांत पान्याच्या लूपची शिलाई उसवली. दुकानदाराकडं गेलो तर म्हणाला, "वापरून फाडलास की." पट्टा वापरायला नाही तर कशाला घेतात माणसं?

असा फिरून फिरून कंटाळलेला मी त्या रविवारी सुभाषनगरात तुमच्याकडं आलो, तेही चपलेचा अंगठा शिवायला. पट्टा माझ्या हातात होता, त्यावर चार टाके मारून मिळतील का, एवढंच विचारायचं होतं.

तुम्ही पट्टा उलटा केला, शिलाईवरून नख फिरवलं आणि बाजूला ठेवलात. "पाना आणलायस?" पाना होता. २०-२२ चा रिंग पाना. तुम्ही तो तळहातावर ठेवून वरखाली केला, भाजीवाली वांगी तोलते तसा. आणि मग विचारलंत, "आणि खाली कोण असतंय?"

मामा, मी गप्प बसलो ते तुम्हाला वाटलं असेल प्रश्न कळला नाही. घरच्यांनी विचारलं होतं, "तुला लागलं नाही ना?" ठेकेदारानं पान्याचं विचारलं. मित्रांनी विचारलं, "ठेकेदार काय म्हणाला?" सगळ्यांत पहिल्यांदा खालच्या माणसाबद्दल विचारलं ते तुम्ही, ज्यांचा परांचीशी काडीचा संबंध नाही त्यांनी. मी "बायका असतात" एवढंच म्हणालो. तुम्ही कातडं कापायची रापी खाली ठेवलीत आणि चपलेचं काम बाजूला सारलंत.

पुढं तुम्ही काय काय केलंत ते सगळं लिहीत बसत नाही, ज्याला पाहिजे त्यानं तुमच्याकडं यावं. पण काही गोष्टी सांगायलाच पाहिजेत. तुम्ही टेप काढलाच नाही. मला आधी वाकायला लावलंत, उकिडवं बसवलंत, माळ्याच्या शिडीवर चढउतार करायला लावलंत, आणि माझा हात आपोआप कुठं जातो तिथं खडूनं खूण केलीत. पाना उजव्या कुशीला, हातोडी डावीकडं. "कण्यावर काय बी नको. पाठीवर पडलास तर तेच घुसंल." हातोडीच्या दांड्याला भोक पाडून दोरी ओवतो म्हणालो तर केवढे ओरडलात. "भोक पाडशील तिथंच मोडंल." मोठा घण आणि ड्रिल अंगाला बांधायचंच नाही, ते पाइपला बांधायचं, नाहीतर ते जाताना तुला बरोबर घेऊन जाईल, हेही तुम्हीच सांगितलंत.

आणि ती पट्टी. मला वाटलं, तुम्ही कातड्याची वादी लावाल. आयुष्य कातड्यात गेलं तुमचं. पट्टा आणि पान्याचं घर म्हशीच्या जाड कातड्याचं केलंत, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, अजून त्याचा वास येतो. पण पाना ज्याला बांधायचा ती पट्टी तुम्ही विणलेल्या नायलॉनची आणायला लावलीत, गाडीच्या सीटबेल्टला असते तसली. म्हणालात, "कातडं भिजलं की ताणतंय, वाळलं की कडक हुतंय, मग चिरतंय. आपल्याकडचा पाऊस बघतोयस न्हवं? हे काम कातड्याचं न्हवं." आपल्याच मालाबद्दल असं सांगणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन, म्हणजे ती आपल्याच भागाची असल्याची सरकारी नोंद, मिळालं तेव्हा आम्ही सगळे अभिमानानं बोललो. पण ज्या हातांना ते मिळालं ते हात असा विचार करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पट्टी किती लांब ठेवायची यावर तुम्ही अर्धा तास घालवलात. हात पूर्ण ताणला की पुरली पाहिजे, त्याहून बोटभर जास्त नको. लांब झाली तर अडकणार, आणि पाना पडला तर हिसकाही मोठा बसणार. आखूड झाली तर? तुम्ही हसून म्हणालात, "आखूड झाली तर तू चार दिवसांनी कापून टाकशील." माणूस खरं काय करतो हे तुम्ही धरून चालला होता. फोटो काढणाऱ्या त्या सेफ्टीवाल्याला हे कधी सुचलं नसतं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

दुसऱ्या रविवारी मी पट्टा न्यायला आलो. पट्टी खिळ्याला टांगलेली होती आणि तिला ५ किलोचं लोखंडी माप अडकवलेलं. रात्रभर तसंच ठेवलंय म्हणालात. माप काढलंत, पट्टी पान्याच्या एका रिंगमधून ओवून माझ्या पट्ट्याला लावलीत आणि मला शिडीवर चढवलंत. मी वर गेलो. वळून बघतो तर तुम्ही शिडीच्या पायथ्याशी, बरोबर माझ्या हाताच्या खाली, मांडी घालून बसलेले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवलीत.

मी म्हणालो, "मामा, सरका की."

"का? तिथं खाली माणूस नसतोय व्हय? सोड."

"मामा, नको."

"माझं काम हाय. सोड."

मला सुटेना. हातातला पाना सोडायचा, एवढंच काम, ते मला जमेना. वरून तुमचं टक्कल दिसत होतं, त्यावर घामाचे थेंब होते, आणि टोपीची घडी मोडू नये म्हणून तुम्ही ती दोन्ही हातांनी धरली होती. बारा वर्षं मी उंचावर काम केलं, पण वरून खालचं माणूस इतकं नीट कधी बघितलं नव्हतं. मला त्या वहिनी आठवल्या, गाठ सोडणारी बोटं आठवली. मी डोळे मिटून पाना सोडला.

कमरेला हिसका बसला. डोळे उघडले तर पाना तुमच्या डोक्यावर दोन-तीन फुटांवर गरगर फिरत होता. तुम्ही पान्याकडं बघतच नव्हता. तुमची नजर माझ्या कमरेवर होती. "पट्टा दोन बोटं फिरला. उतर, अजून एक टाका मारतो."

तो टाका मारताना मी तुमच्या शेजारी बसलो होतो आणि काही बोललो नाही. बोललो असतो तर रडू फुटलं असतं. तुम्ही आरीनं भोक पाडत होता, मेण लावलेला दोरा ओढत होता आणि शेजारच्या गाळ्यातल्या माणसाशी उसाच्या दराबद्दल बोलत होता. जणू काही झालंच नव्हतं.

पैसे तुम्ही व्यवस्थित घेतलेत, ठरले तेवढे. त्या शेवटच्या टाक्याचे घेतले नाहीत. "तो माझ्या चुकीचा," म्हणालात.

मामा, चांगुलपणा बघितला नाही असं नाही. २०१९ च्या महापुरात अर्धं शहर दुसऱ्यासाठी भाकऱ्या थापत होतं. ज्यांच्या घरात पाणी शिरलं नव्हतं त्यांनी दारं उघडी टाकली होती. संकट डोळ्यांपुढं आलं की आपलं कोल्हापूर जिवाला जीव देतं. पण संकट आलेलंच नाही, पडणारा पाना पडलेलाच नाही, आणि ज्याच्या डोक्यावर तो पडणार होता त्याला पत्ताही नाही, अशा माणसासाठी एक टाका जास्त मारायचा, हे फार थोडी माणसं करतात. त्या माणसाला तुमचं नाव कधी कळणार नाही. म्हणून निदान मी तरी हे चार लोकांपुढं लिहितो. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही. त्याला मी पट्टा दाखवला, आता तो सगळ्यांसाठी घेतो का बघू. मागच्या आठवड्यात "बघतो" म्हणाला आहे. त्याच्या "बघतो"ची वाट बघायची नाही, असं आम्ही चौघांनी ठरवलं आणि पैसे जमवले.

वहिनींना मी पट्टा दाखवला. त्यांनी पट्टी ओढून बघितली, दोनदा, जोर लावून. "कुणी केला?" म्हणाल्या. तुमच्याबद्दल सांगितलं. तुम्ही खाली बसला होता तेही सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "त्यांना सांगा, लेकराचं नाव शिवबा हाय." झोळी अजून लिंबालाच आहे आणि तिथंच बरी आहे. पण आता त्या वर बघून हसतात.

येत्या रविवारी आम्ही चौघं येतोय. मापं लिहून आणत नाही, तुम्ही ती अंगावरच घेता. पट्टी नायलॉनची आणतो, खिळ्याला रात्रभर ५ किलोचं माप टांगायचं ते तुम्ही टांगा. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या वेळी शिडीखाली मी बसणार.

तुमचा,
पान्याचा पोरगा