दोन डॅशचा एक डॅश करू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी कोडिंगचा जो कोपरा येतो तो मी आणि माझी पोरगी दोघं वाचतो. मागच्या वेळी त्यात लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेतला छोटा प्रोग्राम होता, तिने जसाच्या तसा टाईप केला तर पहिल्याच ओळीला एरर. लुआमध्ये कॉमेंट (माणसासाठी लिहिलेली टीप, कॉम्प्युटर ती सोडून देतो) दोन छोट्या डॅशने (--) सुरू होते आणि छापताना त्याचा एक लांब डॅश (—) झाला होता, तिने बिचारीने एकच डॅश मारला. भांडायला लिहीत नाहीये, उलट याच डॅशपायी मी स्वतः चार महिने डोकं खाजवलंय म्हणून लगेच लक्षात आलं.

दिंडोरीकडे दाजींची द्राक्षाची बाग आहे, थ्री फेज लाईट रात्रीची असते म्हणून ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर मी घरीच जुळवला. सुरुवातीला सगळं टायमिंग जेसन (JSON, माहिती साठवायची एक साधी पद्धत) फाईलमध्ये ठेवलं, पण जेसनमध्ये कॉमेंट लिहिताच येत नाही. जेसन आणणाऱ्या डग्लस क्रॉकफर्डने ती मुद्दाम काढून टाकली, कारण लोक कॉमेंटमध्येच पार्सरसाठी, म्हणजे फाईल वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी, सूचना लपवायला लागले होते. त्याचं बरोबरच असेल हो, पण 'तीन नंबर हळू उघडा, पाइप जुना आहे' हे दाजींनी लिहायचं कुठं? ते डब्याच्या झाकणावर खडूने लिहायचे आणि पावसात पुसलं जायचं. मग मी एक छोटी स्क्रिप्टिंग लँग्वेजच केली, सगळे शब्द मराठी, 'व्हॉल्व्ह ३ उघड', 'थांब २० मिनिटं' असली.

कॉमेंटसाठी पहिल्यांदा डोळे झाकून # घेतलं. शेल, पर्ल, पायथन, रुबी या सगळ्या भाषांचं तेच आहे आणि त्यात एक सोय पण आहे, युनिक्समध्ये फाईलच्या पहिल्या ओळीत #! आणि पुढे इंटरप्रिटरचा (स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता लिहिला की कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ती फाईल त्याच्याकडे देतो आणि इंटरप्रिटरला ती ओळ कॉमेंट वाटते म्हणून तो पुढे जातो. झकास. पण दाजी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाईप करतात. "अरे ते फुली-गोळ्याची चौकट आहे ना, ती मराठीत असताना उमटतच नाही, नुसता र चा तुकडा येतोय खाली." खरंच की! इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-३ म्हणजे ्र, स्टारच्या जागी श्र, आणि स्लॅशच्या जागी य. म्हणजे सी वगैरे भाषांतली कॉमेंटची चिन्हं घ्यावीत, तर // मारायला जावं तर 'यय' आणि /* ला 'यश्र'. एका कॉमेंटसाठी दोनदा कीबोर्ड बदलायचा म्हटलं की माणूस कॉमेंट लिहीतच नाही. राहिला तो बिचारा डॅश, तो मराठीतही डॅशच असतो.

तसंही /* */ वर माझा राग जुनाच आहे. सी मध्ये /* ने कॉमेंट सुरू होते आणि */ ने संपते, एवढा मोठा भाग त्यात घालून बंद करायला जावं आणि आत आधीचीच एखादी कॉमेंट असली की तिच्या */ ला सगळं संपतं, खालचा कोड परत जिवंत. त्यामुळे माझ्यात एका ओळीचीच कॉमेंट, दहा ओळी बंद करायच्या तर दहा वेळा लिहा.

ताईचं म्हणणं होतं सरळ 'टीप:' ठेव, जुन्या बेसिक भाषेत कॉमेंटसाठी नव्हता का रेम (REM) हा शब्द. कल्पना गोड होती, पण इनस्क्रिप्टमध्ये कोलन सापडत नाही म्हणून अर्धा महाराष्ट्र विसर्ग टाकून मोकळा होतो, मग 'टीप:' आणि 'टीपः' दिसायला सारखे आणि कॉम्प्युटरला वेगळे. नको.

शेवटी -- वर आलो. त्यातही खोड आहेच. 5--1 लिहिलं तर ती उणे एकची वजाबाकी की कॉमेंट? मायएसक्यूएल या डेटाबेसने त्यासाठीच दोन डॅशनंतर स्पेस सक्तीची केलीय, मी तेच उचललं. #! वाली पहिली ओळ मात्र लुआ सोडून देते तशीच मीही सोडून देतो, त्यामुळे ती सोयही गेली नाही.

आणि एवढं करून परवा भाच्याने आयफोनवरून गोडी छाटणीनंतरच्या पाण्याची स्क्रिप्ट व्हॉट्सॲपवर पाठवली, तर त्याच्या फोनने सगळ्या -- चे लांब डॅश करून टाकलेले! मग मी लांब डॅशही कॉमेंट म्हणून मान्य केला. ऑफिसमधला मित्र म्हणतो एका कामाला दोन चिन्हं म्हणजे घाण. असेल. पण रात्री दोनला बागेत उभ्या असलेल्या माणसाला मी डॅशची लांबी मोजायला सांगणार नाही.

लुआ मात्र एवढी दयाळू नाही. तेव्हा पानं लावणाऱ्यांना एवढंच सांगा की कोडच्या चौकटीपुरतं ते आपोआप डॅश बदलणं बंद ठेवा, नाहीतर सरळ स्क्रीनचा फोटो छापा.

आपला एक वाचक,
सिडको, नाशिक

ता.क. दोन डॅश टाकल्यावर पोरीचा प्रोग्राम चालला.