रविवार कारंजावरच्या सायकलवाल्या काकांना

अर्धांगवायूनंतर अण्णांचा उजवा हात हलू लागला, पण बोटांत पकड नाही आणि मनगट वळत नाही. चमचा तोंडाशी येईपर्यंत वरणभात सदऱ्यावर. भरवून घेणं त्यांना मान्यच नाही. त्यापेक्षा उपाशी राहतील. म्हणून जाड मुठीचा, वाकडा चमचा ऑनलाइन मागवला. आला तो डावखुऱ्यांचा! परतही घेईनात.

तो घेऊन मी तुमच्या दुकानात शिरले, उलटा वाकवून मिळेल का विचारायला. "हा तुटेल," म्हणालात आणि घरातला साधा स्टीलचा चमचा आणायला सांगितलंत. त्याच्या दांड्याला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर हँडलची रबरी मूठ चढवलीत. मग म्हणालात, "त्यांचा हात कुठं अडतो, करून दाखव." मी रिकामा घास तोंडाशी नेत होते, तुम्ही पक्कडीनं थोडं थोडं डावीकडे वाकवत होतात. पाच-सहा वेळा तरी. पंक्चरवालं गिऱ्हाईक ताटकळत उभं! शेवटी कड कानसीनं घासून स्वतःच्या अंगठ्यावर फिरवून पाहिलीत. "ओठाला लागायला नको." पैसे घेतलेत फक्त मुठीचे. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घालायची युक्तीही तुमचीच.

त्या रात्री अण्णा स्वतःच्या हातानं जेवले. अर्धा तास लागला, थोडं सांडलंही.

काका, तुमचं नाव विचारायचं राहिलंच. मनापासून आभार. आणि हो, अण्णांना आता आमटीसाठी खोलगट चमचा हवाय. येतेच घेऊन.