तुझ्या वहीतले अकरा प्रश्न

पुणे, ९ डिसेंबर

प्रिय सखे,

तू पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो काल रात्री मी चार वेळा वाचला. अकरा प्रश्न, कॅन्सरमुळे काढलेला स्तन ऑपरेशन करून पुन्हा घडवून घेण्याबद्दलचे. आणि शेवटचा कोपऱ्यात, बारीक अक्षरात: 'या वयात हे करून घेणं बरं दिसतं का?' बाकीचे दहा तू डॉक्टरांना विचारशील, हा मात्र फक्त माझ्यासाठी आहे, हे ओळखलं. म्हणून आधी त्याचंच.

माझा उजवा स्तन काढला तेव्हा मी ४७ वर्षांची होते. घरातल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "आता काय करायचंय ते?" मला काय करायचं होतं सांगू? रोज सकाळी ब्लाउज घालताना आजार आठवायला नको होता. चारचौघांत सारखा पदर सावरत बसायचं नव्हतं. एवढं कारण मला पुरलं. तुझं वेगळं असेल, किंवा तुला नकोच असेल. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी काहीच करायचं नाही असं ठरवलं आणि त्या समाधानात आहेत. ब्रामध्ये घालायचा सिलिकॉनचा पॅडही मिळतो. शिवाय हे याच आठवड्यात ठरवायला हवं असं नाही. गाठ काढणं लांबवता येत नाही, इम्प्लांट, म्हणजे स्तनाच्या जागी आत बसवायची भरीव पिशवी, नंतरही बसवता येतं.

तुझ्या यादीत एक प्रश्न राहिलाय, आणि तो पहिला विचार: "मला शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावा लागेल का?" कुठल्याही इम्प्लांटभोवती शरीर एक पातळ आवरण तयार करतं. काही जणींचं ते आकसतं, स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो. रेडिएशन झालेल्या बाजूला हा धोका बराच वाढतो. म्हणून शेक घ्यायचा असेल तर पोटाची किंवा पाठीची स्वतःचीच कातडी-चरबी वापरून स्तन घडवण्याचा पर्यायही डॉक्टरांकडून नीट समजून घे. ते ऑपरेशन मोठं असतं, पण बाहेरची वस्तू आत राहत नाही. माझ्या वेळी हे कुणी आपणहून सांगितलं नव्हतं, मी विचारलं तेव्हा कळलं.

'किती वर्षं टिकतं?' जन्मभर नाही. कधीतरी बदलावं किंवा काढावं लागेल, हे धरूनच चाल. सिलिकॉनचं फुटलं तर बाहेरून बहुतेक वेळा काहीच कळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा, सल्ला आहे की पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय ५-६ वर्षांनी आणि मग दर २-३ वर्षांनी करावी. माझी पहिली गेल्याच महिन्यात झाली. सगळं जागच्या जागी आहे.

'त्यामुळेच पुन्हा कॅन्सर झाला तर?' स्तनाचा कॅन्सर इम्प्लांटमुळे उलटत नाही. पण खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक वेगळा, लिम्फोमा जातीचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर होतो. त्यामुळेच २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवले. तेव्हा पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, हे विचारच. पुढे कधी अचानक सूज आली तर अंगावर काढू नकोस. आणि कंपनी, आकार, क्रमांक लिहिलेलं कार्ड मागून घे. मला ते दोनदा मागावं लागलं. आता पासपोर्टच्या पाकिटात ठेवलंय.

'हाताला कसं लागतं?' खरं सांगते, ती जागा बधिर आहे. कपड्यांत कुणाला कळत नाही, पण मला स्पर्श पूर्वीसारखा कळत नाही, आणि याचं पहिले काही महिने फार वाईट वाटलं. तिथे गरम पाण्याची पिशवी कधीच ठेवायची नाही. चटका बसलेला समजत नाही.

दुखण्याचं म्हणशील तर पहिला आठवडा जड गेला. अंबाड्यासाठी हात वर जाईना. माझ्या आत आधी एक्सपांडर, म्हणजे रिकामी पिशवी बसवली होती. दर थोड्या दिवसांनी ओपीडीत सुईने सलाइन भरायचे. तेव्हा छाती आवळल्यासारखी व्हायची, एक-दोन दिवसांत ते ओसरायचं. मग दुसऱ्या ऑपरेशनात कायमचं इम्प्लांट. भरलेली बादली उचलायला दीड महिना मनाई होती. आमच्याकडे तेवढे दिवस यांनीच सगळं पाणी भरलं.

पैशांचं: मेडिक्लेमवाले कॉस्मेटिक म्हणून नाही म्हणाले तर पॉलिसीतलं कलम उघडून दाखव. आयआरडीएआयने, म्हणजे विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवून दिलेल्या शब्दांतच आहे की अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना कॉस्मेटिक म्हणून वगळायची नाही. ऑपरेशनआधी लेखी मंजुरी घे.

मंगळवारी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा वही बरोबर ने. सगळे प्रश्न मोठ्याने वाच, लाजू नकोस. त्यांना घाई असली तरी तू उठू नकोस.

ऑपरेशननंतर अंगाला ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं पाणी बाटलीत काढणाऱ्या नळ्या घेऊन घरी येशील, तेव्हा मी तिथे असेन. त्या बाटल्या गळ्यात अडकवायला दोन कापडी पिशव्या शिवायला घेतल्यात, आणि पुढून बटणं असलेले तीन गाऊन. एक निळा आहे, तुझा रंग.

तुझीच,
शेजारच्या बाकावरची