अवजल सोडले म्हणजे पोचले असे नव्हे

महोदय,

कोयनेचे अवजल, म्हणजे वीज तयार करून झाल्यावर सोडलेले पाणी, मुंबईकडे न्यावे की रत्नागिरी-रायगडची धरणे त्यावर भरावीत, हा वाद दर उन्हाळ्यात डोके वर काढतो. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेले वर्षाचे 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) सगळ्यांच्या तोंडी असतात. पण पोफळीचे वीजघर, मग कोळकेवाडीचे धरण, तिथून वाशिष्ठी नदी, या वाटेने ते पाणी येते विजेच्या मागणीप्रमाणे. वीजनिर्मितीचे संच चालले की नदी चढते, थांबले की उतरते. जॅकवेलचा (पाणी उचलण्याच्या विहिरीचा) फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या नळीच्या तळाची झडप, उघडा पडला की पंप हवा ओढतो आणि नळ कोरडे. कोयनेत तेव्हा पाणी नसते असे नाही.

‘नदीत सोडा, खाली उचला’ हे ऐकायला सोपे आहे, म्हणून एक हिशेब मांडतो. समजा, उतरलेल्या नदीत 100 क्युसेक सोडले, म्हणजे दिवसाला साधारण 24.5 कोटी लिटर. उचलण्याची जागा 20 किलोमीटर खाली आणि पात्र सरासरी 25 मीटर रुंद. पातळी फक्त 30 सेंटिमीटर वाढवायची तर 15 कोटी लिटर पात्रातच जिरवावे लागतात! म्हणजे जवळपास 15 तासांचा विसर्ग निव्वळ डोह भरण्यात. पाच-सहा तास सोडून दार बंद केले, तर कागदावर आवर्तन (ठरलेली पाण्याची पाळी) झालेले असते, जॅकवेलपाशी काहीच नसते. त्यात काठावरचे पंप. 5 अश्वशक्तीचा पंप कमी उंचीवर सेकंदाला 12 ते 15 लिटर सहज उचलतो. असे 30 चालू असले की 13 ते 16 क्युसेक वाटेतच संपले. शेतकऱ्याला चोर ठरवण्याचे कारण नाही, त्याचा वाटा आधीच धरायला हवा.

मुंबईचे भातसाचे पाणी नदीतूनच पिसे बंधाऱ्यापर्यंत येते, अप्पर वैतरणाचे पाणीही नदीतून उतरून मोडकसागरात पोचते. तिथे हे जमते, कारण खाली पाणी थोपवून धरणारी जागा आहे. कोळकेवाडीच्या खाली तसा मोठा साठा नाही. जे उचलले नाही ते दाभोळच्या खाडीत.

बंधारा घालायचा तर भरतीच्या टप्प्याच्या वर. चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत खाडी आत येते. वरून विसर्ग थांबलेला असताना अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आले की निमखारे पाणी आणखी वर सरकते. क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमच्या वर गेले की चव लागते, आणि शुद्धीकरण केंद्रातली तुरटी-क्लोरीन मीठ काढत नाहीत. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर बर्ग्यांचे (पाणी अडवणाऱ्या लोखंडी फळ्यांचे) रबरी सील दरवर्षी तपासावे लागतात. बर्गे वाकले की फटींतून रात्रंदिवस गळती. आणि पाऊस सुरू होण्याआधी बर्गे काढलेच पाहिजेत. जुलै 2021 चा पूर पाहिलेल्या चिपळूणला हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा मोठ्या योजनेचे नारळ फुटतील तेव्हा फुटोत. आधी कोळकेवाडीच्या विसर्गाचे तासातासाचे वेळापत्रक एक दिवस आधी पाणीपुरवठा विभागाला मिळावे, आणि पाणी उचलण्याच्या जागी मोजपट्टी बसवून सकाळ-संध्याकाळची पातळी रोज जाहीर व्हावी. मोजपट्टीला फार तर रंगाचा डबा लागेल.

– एक वाचक, चिपळूण