विषय: 'लाइव्ह' म्हणून विकलेला बाहुली-किट आणि तुमच्या सपोर्टने दिलेला सल्ला

प्रति,
व्यवस्थापन, उत्पादन आणि ग्राहक सेवा विभाग

तुमच्या सपोर्टचा फोन आत्ताच ठेवला आणि लिहायला बसले. यापुढे जे काही असेल ते लेखीच होईल, कारण फोनवर दर वेळी नवीन माणूस येतो आणि मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावतो. हेल्मेट, चेहऱ्याचा कॅमेरा, सॉफ्टवेअर आणि वर्षाचं लायसन्स असा, घालणाऱ्याच्या चेहऱ्याची हालचाल पडद्यावरच्या बाहुलीवर त्याच क्षणी उमटवणारा तुमचा पूर्ण किट आम्ही रोख पैसे मोजून विकत घेतला आहे. बिल सोबत जोडलं आहे. तुमचं उत्पादन काय करतं ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातल्या एका बालमेळाव्यात आमच्या गेममधलं साळिंदर मुलांशी गप्पा मारणार होतं. एलईडी वॉलवर साळिंदर. वॉलच्या मागे काळ्या पडद्याआड हेल्मेट घातलेली मी. मुलांवर रोखलेला एक कॅमेरा, त्याचा मॉनिटर माझ्या पुढ्यात, हातात गेमपॅड. मान, डोळे, भुवया, ओठ माझे. पंजे आणि काटे फुलवणं बटणांवर. आदल्या संध्याकाळी त्याच हॉलमध्ये, त्याच दिव्यांखाली तालीम झाली होती आणि एकही अडचण आली नव्हती. सकाळी मशीन चालू केलं तर सॉफ्टवेअरने रात्रीत परस्पर अपडेट उतरवून घेतलेलं, आणि माझं कॅलिब्रेशन, म्हणजे माझ्या चेहऱ्याशी केलेली जुळणी, पुसलं गेलेलं. ते पुन्हा केलं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कोणालाही न विचारता अपडेट करायचं नसतं हे खरं तर सांगावं लागू नये. पण तेवढ्यावर भागलं असतं तर हे पत्र लिहिलं नसतं.

या नव्या आवृत्तीत तुम्ही एक गोष्ट घुसवली आहे. कॅमेऱ्याला माझा चेहरा नीट दिसतो आहे ही खात्री एका पातळीखाली गेली की सॉफ्टवेअर कॅमेरा सोडून देतं आणि माइकमधल्या आवाजावरून तोंड हलवायला लागतं. हे बंद करायचं बटण कुठेही नाही. सेटिंगमध्ये नाही, मॅन्युअलमध्ये नाही. पडद्याआड अंधार असतो, मी मान वळवते, हेल्मेटचा दिवा गालावर तिरका पडतो आणि क्षणभर खात्री कमी होते. पूर्वी अशा वेळी चेहरा पापणी लवेपर्यंत थांबायचा आणि परत माझ्यामागे यायचा. आता तो माझ्याकडून काढूनच घेतला जातो.

पुढे काय झालं ते नीट वाचा. माझ्या माइकमध्ये हॉलचा आवाज शिरतच होता, प्रत्येक हॉलमध्ये शिरतो. बाहेर निवेदक बोलला, साळिंदराचं तोंड हललं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, तोंड हललं. मागे कोणीतरी लोखंडी खुर्ची फरशीवरून ओढली, त्यावरही तोंड हललं. माझे ओठ घट्ट मिटलेले होते आणि मॉनिटरवर माझी बाहुली माझ्याशिवाय बडबडत होती. वीस वर्षं बाहुल्या हलवणाऱ्या माणसाला हे बघताना काय होतं ते तुमच्या कंपनीत कोणाला कळेल का, मला माहीत नाही.

मग पहिल्या रांगेतली, हाताला प्लास्टर असलेली एक मुलगी उभी राहिली. तिने विचारलं, "तू कुशीवर झोपलास की काटे गादीत रुततात का?" हा प्रश्न कुठल्याही संहितेत लिहिलेला नसतो. याच एका प्रश्नासाठी आम्ही हा सगळा पसारा मांडतो. मी म्हटलं, "मला कुठली आलीय गादी, मी बिळात झोपतो. पण तुझ्या प्लास्टरच्या आत खाज सुटली तर माझा एक काटा उसना घेऊन जा." आवाज स्पीकरमधून बरोबर गेला. साळिंदराचा चेहरा मात्र दगडासारखा. मुलं हसली, आणि त्या हसण्याच्या आवाजावर त्याचं तोंड उघडझाप करायला लागलं. ती मुलगी हसली नाही. ती उठून वॉलच्या कडेने मागे आली आणि पडदा बाजूला सारून बघायला लागली, की बोलतंय तरी कोण.

मिलिसेकंदांचा हिशेब तुम्हाला येत असेलच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची प्रसारणासाठीची शिफारस सांगते की आवाज चित्राच्या पुढे गेला तर साधारण ४५ मिलिसेकंदांवर माणसाला खटकायला लागतो, मागे राहिला तर साधारण १२५ वर. प्रकाश आधी पोचतो, आवाज नंतर, त्यामुळे उशिराचा आवाज कान चालवून घेतो. आधी आलेला नाही. म्हणूनच चेहऱ्याच्या प्रक्रियेला लागणारा वेळ मोजून आम्ही आवाज तेवढाच मागे ढकलतो, आणि ही सोय तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण ते गणित कॅमेऱ्याच्या मोडसाठी जुळवलेलं असतं. तुमचं सॉफ्टवेअर मध्येच स्वतःच्या मनाने मोड बदलतं तेव्हा ते जुळवलेलं सगळं कोसळतं. त्यात भर म्हणून उत्तरार्धात हॉलचं नेटवर्क गेलं आणि लायसन्स तपासणारी लॉगिनची चौकट साळिंदराच्या कपाळावर, सगळ्या हॉलसमोर, येऊन बसली. फोनचा हॉटस्पॉट जोडेपर्यंत ती तिथेच होती.

आता आजच्या फोनबद्दल. मी एकच प्रश्न विचारला होता: आवाजावरचा मोड बंद कसा करायचा? उत्तर आलं, "मॅडम, तो मोड तुमचा अनुभव चांगला व्हावा म्हणून दिला आहे." मी म्हटलं, मला तो नको आहे, बंद कसा करू? मग विचारणा झाली, कार्यक्रम कुठल्या भाषेत होता? मराठीत. पलीकडे बराच वेळ टायपिंग. मग, "आमचं आवाजावरचं लिपसिंक इंग्रजीसाठी ट्यून केलेलं आहे. इंग्रजीत कार्यक्रम केलात तर रिझल्ट चांगला येईल."

मी शांतपणे समजावून सांगितलं, आणि शांतपणे हा शब्द मी जबाबदारीने वापरते आहे, की म्हणूनच आम्ही कॅमेऱ्याचा किट घेतला. कॅमेऱ्याला भाषा लागत नाही. 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ मिटतात ते त्याला दिसतं, मग मी मराठी बोलू दे, कोकणी बोलू दे नाहीतर नुसतं तोंड वेंगाडू दे. यावर तुमचा माणूस म्हणाला, "मग मॅडम, आधीच रेकॉर्ड करून ठेवा ना. दहा-बारा उत्तरं. बटण दाबलं की वाजतील. आमचे बरेच क्लायंट तेच करतात. लहान मुलांना काय कळतंय."

मी विचारलं, त्या मुलीने काट्यांचं आणि गादीचं विचारलं, त्याचं उत्तर मी आदल्या दिवशी कसं रेकॉर्ड करणार होते?

"जनरल उत्तर ठेवायचं. 'अरे वा, छान प्रश्न!' असं काहीतरी."

'अरे वा, छान प्रश्न!' तुमच्या बॉक्सवर 'लाइव्ह' असं ठळक अक्षरात छापलेलं आहे, आणि तुमचाच माणूस मला सांगतो आहे की एक मूल हिंमत करून, अख्ख्या हॉलसमोर उभं राहून काही विचारेल तेव्हा त्याच्या तोंडावर हे वाक्य वाजवा. त्या माणसावर माझा राग नाही. त्याला तुम्ही हे शिकवलं नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे हेच शिकवलं. फोन ठेवल्यावर लगेच संदेश आला की माझी तक्रार बंद करण्यात आली आहे. शेरा: 'निराकरण झाले. कारण: वापरकर्त्याच्या बाजूचा गोंगाट.' मुलांच्या हसण्याला तुमच्या नोंदीत गोंगाट म्हणतात.

तुम्ही ज्या कलेवर पोट भरता ती तुमच्या कंपनीपेक्षा कितीतरी जुनी आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत 'माइक' नावाचं संगणकाने काढलेलं बोलकं डोकं एका माणसाने प्रेक्षकांसमोर जिवंत चालवून दाखवलं. १९९२ च्या सुमाराला सिमग्राफिक्स या कंपनीने चेहऱ्याला लावायचं यंत्र बनवलं. हनुवटी, ओठ, गाल, भुवया यांना जोडलेले सेन्सर, आणि सगळं डोक्यावरच्या सांगाड्याला अडकवलेलं. ते यंत्र घालून पडद्याआडचा नट निन्टेंडो या गेम कंपनीच्या व्यापारी प्रदर्शनांत तिच्या गेममधला नायक मारिओ व्हायचा. समोर आलेल्या माणसाशी तिथल्या तिथे बोलायचा, त्याच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा, त्याची थट्टा करायचा. चार्ल्स मार्टिने यांनी मारिओचा आवाज असा लोकांसमोर उभा केला. १९९६ मध्ये 'सुपर मारिओ ६४' हा गेम आला आणि तो आवाज घराघरात गेला, त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा आजच्या साध्या फोनएवढी ताकदही त्या संगणकांत नव्हती. तरी गर्दी जमायची, कारण तो मारिओ समोरच्याचं ऐकत होता. रेकॉर्ड केलेला मारिओ तर लोकांच्या घरच्या टीव्हीवरही होता.

आणि इथलं सांगायचं तर या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या लोक अर्धवटरावांची हजरजबाबी उत्तरं ऐकत आले आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकार आजही कळसूत्री बाहुल्या नाचवतात. मी त्यांच्याकडे बसून दोऱ्या हातात धरायला शिकले, आणि पहिली गोष्ट शिकले ती ही की जी बाहुली बोलते तीच हलते, बाकीच्यांनी गप्प उभं राहायचं. हलणारी बाहुली म्हणजे बोलणारी बाहुली, एवढ्या एका नियमावर प्रेक्षक विश्वास ठेवतो. तुमच्या अपडेटने तो नियमच मोडला. लहान मुलांना कळत नाही म्हणता? पडदा बाजूला सारून आत डोकावली ती लहान मुलगीच होती.

मला काय हवं आहे ते लिहिते. आवाजावरचा मोड कायमचा बंद करता येईल असं बटण. पुन्हा लिहिते, कारण फोनवर हे कोणी ऐकून घेतलं नाही: बंद करता येईल असं बटण. माझा चेहरा क्षणभर दिसला नाही तर बाहुलीने गप्प राहावं, दुसऱ्याच्या आवाजावर बोलू नये. दुसरं, लायसन्स एकदा तपासलं की किमान कार्यक्रम संपेपर्यंत ते नेटशिवाय चाललं पाहिजे. तिसरं, आधीची आवृत्ती परत टाकायची सोय, आणि परवानगीशिवाय अपडेट नाही. यातलं काही जमत नसेल तर किट परत घ्या आणि पूर्ण रक्कम परत करा. त्या मेळाव्याचं उरलेलं मानधन आम्ही आयोजकांकडून घेतलं नाही, तो तोटाही तुमच्याकडे मागते आहे. शिवाय 'वापरकर्त्याच्या बाजूचा गोंगाट' हा शेरा काढून तिथे खरं कारण लिहा. हे शेवटचं पैशाचं नाही, पण ते मी सोडणार नाही.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आम्ही दोघी मिळून स्वतःच्या पोटापाण्यासाठी हे काम करतो आणि त्यासाठीच हा किट विकत घेतला आहे, तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली आम्ही ग्राहकच आहोत. या कायद्याने मी राहते त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. कार्यक्रमाचं चित्रीकरण, त्यात मॉनिटरवर हलणारं तोंड आणि शेजारी हेल्मेटमधले माझे मिटलेले ओठ, दोन्ही एकाच चौकटीत आहेत. आजच्या फोनचं रेकॉर्डिंगही आहे. तुम्ही कॉल रेकॉर्ड करता असं सुरुवातीलाच ऐकवता, तसं मीही केलं.

वाईट याचं वाटतं की हा किट आम्ही इतरांना सुचवला होता. जुन्या आवृत्तीत भुवईची बारीकशी हालचालसुद्धा साळिंदराच्या कपाळावर उमटायची. ज्यांनी ते केलं त्यांना बाहुली म्हणजे काय ते कळलेलं होतं. ती माणसं अजून तुमच्याकडे असतील तर हे पत्र सपोर्टकडे न पाठवता त्यांच्या हातात द्या.

आमचा पुढचा कार्यक्रम कोल्हापुरात आहे. त्याला तुमचा किट नेणार नाही. तोवर तुमचं उत्तर नाही आलं तर साळिंदर हातमोज्याची बाहुली होऊन येईल आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देईल.

— तुमच्या किटची ग्राहक, पुणे

सोबत: बिलाची प्रत, कार्यक्रमाचं चित्रीकरण, फोनचं रेकॉर्डिंग, बंद केलेल्या तक्रारीचा संदेश