पीसी रिकामा असतानाच का पडतो

प्रिय पंकज,

काय बे, फोनवर तू तीनदा तेच सांगितलंस की सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी) तासभर चालवलं, काही झालं नाही, आणि नुसतं यूट्यूब लावून जेवायला बसलो की पीसी धाडकन रिस्टार्ट. मी बोलायला गेलो की लाइन कट. म्हणून लिहितोच आता, एकदा शांतपणे वाच, आणि वाचून होईपर्यंत बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) हात घालू नको.

तू जे गाऱ्हाणं म्हणून सांगतोयस ना, तेच खरं उत्तर आहे. लोडवर चालतो आणि रिकामा असताना पडतो, याचा अर्थ पहिला संशय कर्व्ह ऑप्टिमायझरवर, म्हणजे प्रत्येक कोअरला मिळणारं व्होल्टेज कमी-जास्त करायच्या बायोसमधल्या सेटिंगवर. व्हिडिओत बघून तू प्रोसेसरच्या आठही कोअरला सरसकट मायनस ३० दिलंस. एक पॉइंट म्हणजे साधारण ३ ते ५ मिलीव्होल्ट, म्हणजे मायनस ३० ला प्रत्येक कोअरचं जवळपास ०.०९ ते ०.१५ व्होल्ट तू काढून घेतलंस. वर वेगाच्या मर्यादेला प्लस २०० मेगाहर्ट्झ पण दिलेस. म्हणजे पळ जास्त आणि खायला कमी, असा हिशोब झाला.

आता सिनेबेंचमध्ये का पडत नाही ते बघ. आठही कोअर एकदम कामाला लागले की तुझा ५८००एक्स प्रोसेसर स्वतःच्या पॉवर लिमिटला आणि तापमानाला अडकतो आणि क्लॉक, म्हणजे वेग, खाली आणतो, साडेचार गिगाहर्ट्झच्या आसपास. तिथे कमी व्होल्टेज पुरतं. पण यूट्यूब चालू आहे, बाकी काही नाही, अशा वेळी एखादा कोअर झोपेतून उठतो आणि क्षणभरासाठी एकदम टोकाला जातो, एएमडीने सांगितलेला बूस्ट, म्हणजे जास्तीत जास्त वेग, ४.७ गिगाहर्ट्झ आहे पण तुझ्या प्लस २०० मुळे तो पार ५ च्या आसपास जायला बघतो, आणि नेमकं तिथे त्याला व्होल्टेज कमी पडतं. सिनेबेंचने ती जागा कधी तपासलीच नाही, त्यामुळे "तासभर पास" ला या बाबतीत काहीच किंमत नाही, कितीही स्कोअर येऊ दे.

आणि ते प्रोसेसरचं व्होल्टेज १.४५ वर फिक्स केलंयस ते आजच्या आज ऑटोवर टाक. तुला वाटलं असेल की मॉनिटरिंगमध्ये ऑटोला पण १.४५ दिसतं मग फरक काय. फरक असा की ऑटोमध्ये एवढं व्होल्टेज हलक्या कामात मिळतं, जेव्हा करंट अगदी थोडा असतो, आणि लोड आला की ते आपोआप उतरतं. तू फिक्स केलंस तर व्हिडिओ रेंडरच्या वेळी आठही कोअरला तेवढंच, तासन्‌तास. चिप म्हातारी होते त्याने. शिवाय कर्व्हचं काय चाललंय ते पण झाकलं जातं, मग आपण तपासतोय काय तेच कळणार नाही.

अंदाज बंद कर आणि विंडोजला विचार. इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. तिथे कर्नल-पॉवर ४१ दिसेल लाल रंगात, त्याच्याकडे बघू पण नको, तो फक्त "पीसी नीट बंद झाला नव्हता" एवढंच सांगतो, ते आपल्याला माहितीच आहे. त्याच वेळेच्या आसपास व्हिया-लॉगर (WHEA-Logger) नावाची नोंद शोध, हार्डवेअरच्या चुका विंडोज तिथे लिहितं. आयडी १८ आणि खाली कॅश हायरार्की एरर लिहिलेलं असेल तर कोअरच आहे समज, आणि त्यातच एपिक आयडी (APIC ID) म्हणून एक आकडा असतो. त्याला दोनाने भाग, उरलेला अर्धा सोडून दे. ९ असेल तर कोअर ४. मोजणी शून्यापासून आहे हं, तुझ्या बोर्डाच्या बायोसमध्ये शून्यापासून लिहिलंय की एकपासून ते आधी बघून घे, नाहीतर भलत्याच कोअरची दुरुस्ती करत बसशील.

आयडी १९ दिसला, बस/इंटरकनेक्ट वगैरे, तर मात्र प्रकरण वेगळं. मग बहुतेक इन्फिनिटी फॅब्रिक, म्हणजे प्रोसेसरच्या आतले भाग आणि रॅम जोडणारा रस्ता. तुझी रॅम ३६०० ची आहे, म्हणजे फॅब्रिक १८०० वर पळतंय. आपण सगळे एक्सएमपी (रॅम तिच्या स्टिकरवरच्या वेगाने चालवायची सेटिंग) चालू करतो आणि म्हणतो की हे तर नॉर्मल सेटिंग आहे, पण या प्रोसेसरसाठी एएमडीचा अधिकृत आकडा ३२०० च आहे, त्याच्या वरचं सगळं ओव्हरक्लॉकिंगच. आणि तू दिवाळीत अजून दोन स्टिक टाकल्यास ना? चार स्टिक लावल्या की तो अधिकृत आकडा अजून खाली येतो. जुन्या दोन आणि नव्या दोन एका किटच्या नाहीत, त्यामुळे रॅमवरचा संशय मी अजिबात सोडणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की आधी बायोस पूर्ण डिफॉल्टला ने, एक्सएमपी पण बंद, आणि दोन-चार दिवस रोजचं काम कर. तसा पण पडला तर आपला ओव्हरक्लॉकशी काही संबंध नाही, मग आपण हार्डवेअर शोधू. नाही पडला तर फक्त एक्सएमपी चालू कर आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर लाव. एक जरी एरर आली तरी नापास. "एकच तर आली" असं चालत नाही रॅममध्ये. ३६०० ला नापास झाली तर ३२०० कर आणि पुढे चल, तुझ्या व्हिडिओ एडिटिंगला त्याने काही डोंगर कोसळत नाही.

त्यानंतर कर्व्ह. कोअरसायकलर नावाची एक फुकट स्क्रिप्ट आहे, ती प्राइम९५ ला एका वेळी एकाच कोअरवर चालवते, त्यामुळे तो कोअर पूर्ण बूस्टला जातो, म्हणजे तुझा पीसी जिथे पडतो बरोबर तीच जागा. (प्राइम९५ मुळात पीसी तपासायला बनलंच नव्हतं, १९९६ पासून लोक त्याने मर्सेन मूळ संख्या शोधतायत. गणितात एवढीशी चूक झाली तर सगळी मेहनत वाया, म्हणून ते स्वतःचं उत्तर सारखं पडताळत बसतं, आणि आपल्याला तेच पाहिजे.) चूक सापडली की राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी हवं होतं, अशा अर्थाची ओळ येते आणि कोणता कोअर ते पण कळतं. पीसी न पडता चूक पकडली जाते, हा मोठा फायदा.

सगळ्यांना मायनस १० पासून सुरू कर, प्लस २०० आत्ता शून्य ठेव. नापास झालेल्या कोअरला तीन-चार पॉइंट परत दे, पास झालेल्याला पाचने खाली ने, पुन्हा रात्रभर लाव. एकाच पेटीतली संत्री पण सारखी गोड निघत नाहीत, तसे आठ कोअर आठ तऱ्हेचे निघतील. गंमत म्हणजे सगळ्यात चांगला कोअर, एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये ज्यावर चांदणी दिसते, तोच बहुतेक वेळा सगळ्यात कमी सहन करतो, कारण कारखान्यातूनच त्याला जास्त पळायला लावलेलं असतं, काढून घ्यायला फारसं उरलेलंच नसतं. एखादा मायनस ५ वर थांबेल, एखादा खरंच मायनस ३० ला पण हसत राहील. व्हिडिओवाल्याची चिप वेगळी, तुझी वेगळी, त्याचा आकडा तुझ्या काय कामाचा?

हे सगळं आत्ता जमलं तरी मे महिन्यात पुन्हा तपासावं लागेल. नागपूरचा मे मी तुला काय सांगू. ५८००एक्सची उष्णता एका छोट्याशा चिपलेटमधून (सिलिकॉनच्या तुकड्यातून) बाहेर पडते, ९० डिग्रीला तो स्वतःच ब्रेक मारतो, आणि बाहेर ४५ असताना खोलीतली हवाच गरम तर हीटसिंक बिचारा करणार काय. तुझ्या खोलीत डेझर्ट कूलर आहे, त्याची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नको, धूळ ओली होऊन फिनमध्ये बसली की सुटता सुटत नाही. उन्हाळ्यापुरतं सरळ ६५ वॉटचा इको मोड लाव, सॉकेट पॉवर १४२ वरून ८८ वॉटवर येते, रेंडर थोडं हळू होईल पण अर्ध्यावर येत नाही, आणि पंख्याचा आवाज ऐकून तूच खूश होशील.

अजून एक, डिफॉल्टला पण रिकामा असतानाच पडला तर बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल शोध आणि टिपिकल करंट आयडल कर. काही जुन्या पॉवर सप्लायना प्रोसेसर गाढ झोपला की एवढा कमी करंट झेपत नाही. तुझा सप्लाय तर मागच्या पीसीतलाच आहे.

आता तुला राग येईल असं एक बोलतो. लग्नाचे व्हिडिओ ज्या मशीनवर आहेत त्यावर हे प्रयोग मला पटत नाहीत. रिस्टार्ट झालेलं निदान दिसतं तरी. न पडता एखादा बिट चुकला तर क्लिप बिघडते, झिप उघडत नाही, आणि ते कळतं गिऱ्हाइकाला पेनड्राइव्ह दिल्यावर. लोकांचे फेरे दुसऱ्यांदा शूट होत नसतात. त्यामुळे टेस्टिंग सुरू करण्याआधी सगळं फुटेज बाहेरच्या ड्राइव्हवर, आणि तो ड्राइव्ह काढून ठेव, लावलेला ठेवू नको. एएमडीची वॉरंटी पण ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान धरत नाही, पीबीओ (कर्व्ह ऑप्टिमायझर आणि प्लस २०० ज्यात येतात ती सोय) पण त्यातच आलं, हे बॉक्समधल्या कागदावर आहे पण तो कागद कोण वाचतो.

मला व्हिया-लॉगरच्या नोंदीचा फोटो पाठव, चारही रॅम स्टिकच्या स्टिकरचे फोटो पाठव, आणि पॉवर सप्लायचा मॉडेल नंबर. स्क्रीनचा फोटो तिरका काढू नको, मागच्या वेळी अर्धे आकडे दिसतच नव्हते. रविवारी सकाळी मी मोकळा आहे, फोन लावून सोबतच बायोस उघडू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
नितीन